बासरी हवी होती, म्हणून गिटारचं पिकअप बदललं

माझ्या गिटारवर ब्रिज (तारा जिथे टेकतात तो भाग) आणि त्याच्या शेजारचं पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा तुकडा) यांच्यात नेमकी किती जागा आहे, हे सतरा वर्षं ती वाजवूनही मी कधी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली ती आमचा कीबोर्डवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा.

आमचा गट छोटा आहे. गाणाऱ्या ताई, तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि मी. भावगीतं, थोडी नाट्यगीतं, पुण्यात आणि आसपास महिन्याला दोन-तीन कार्यक्रम. कीबोर्ड गेला म्हणजे एक माणूस गेला असं नाही. बासरीचे पीसेस, म्हणजे गाण्याच्या मधले तुकडे, गेले, व्हायोलिनचा समूह गेला, संतूर गेलं, नाट्यगीतांच्या वेळची पेटी गेली. पुढच्या तालमीला ताईंनी सरळ विचारलं, "पीसेस तू घेशील का? गिटारवर बासरी वाजते म्हणे आता."

"वाजते ताई, पण मींडेसकट वाजेल का ते बघावं लागेल."

"मींड नसेल तर नको मला."

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सलग सरकत जाणं. ताईंचं हे वाक्य मी पुढचे आठ महिने बरोबर घेऊन फिरलो. या विषयावर मी जे काही वाचलं, विकत घेतलं, परत केलं, दुरुस्त करून घेतलं, त्या सगळ्याला कसोटी हीच होती.

आधी अडचण नीट समजून घ्यायला हवी, कारण मला स्वतःला ती समजायला दोन महिने लागले. गिटारमधून बासरी काढायची तर तिचे सूर ओळखून सिंथला, म्हणजे दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढणाऱ्या यंत्राला, कळवावे लागतात, आणि ते सहसा मिडी या वाद्यांच्या भाषेत. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो निरोप: अमुक सूर, एवढ्या जोरात, आता सुरू, आता बंद. १९८३ साली हे मानक आलं तेव्हा ते मुख्यतः कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून बेतलं गेलं. कीबोर्डची पट्टी हे एक बटण असतं. दाबलं की कुठला सूर हे यंत्राला त्याच क्षणी कळतं. गिटारच्या तारेला बटण नाही. तार छेडल्यावर ती किती वेगाने थरथरते हे यंत्राला ऐकावं लागतं, मोजावं लागतं, आणि मग निरोप पाठवावा लागतो.

या मोजण्याला वेळ लागतो आणि तो निसर्गनियमाने लागतो. खालची जाड ई तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एक कंपन पूर्ण व्हायला १२ मिलिसेकंद. सूर ओळखायला यंत्राला निदान दोन कंपनं हवीत असं धरलं, तर २४ मिलिसेकंद तिथेच गेले. छेडण्याच्या पहिल्या क्षणी तर नखाचा किंवा प्लेक्ट्रमचा नुसता खरखराट असतो. त्यातून सूर स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं ते वेगळंच. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने २४ मिलिसेकंद म्हणजे माझा स्पीकर आठ मीटर लांब ठेवल्यासारखं. वरच्या बारीक ई तारेवर मात्र एक कंपन तीन मिलिसेकंदांत होतं. तिथे दोन कंपनांना सहा मिलिसेकंद, आणि ते हाताला जाणवतही नाहीत. म्हणजे एकाच गिटारवर एक तार चटकन बोलते आणि दुसरी उशिरा. कुठलाही पैसा ओतून हे पूर्ण मिटत नाही, हे कळल्यावर माझी अर्धी शोधाशोध आपोआप संपली.

पहिला प्रयोग घरी केला आणि तो अगदी स्वस्तात झाला. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याला खास पिकअप लागत नाही. गिटार नेहमीच्या वायरीने ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला) जोडायची, आणि सॉफ्टवेअर त्या एकाच आवाजातून सूर वेगळे काढतं. आधी वापरून बघता येतं. संगणक आवाज ज्या तुकड्यांत घेतो तो बफर लहान, १२८ सॅम्पलवर ठेवला की संगणकाकडून तीनेक मिलिसेकंदांची भर पडते, एवढीच. वरच्या तीन तारांवर एकेका सुराची बासरी वाजवली तेव्हा मी अक्षरशः थरारलो. भूपाचा आरोह हळूहळू घेतला, आणि माझ्या बोटांतून फुंकर ऐकू आली.

पण माझं वाजवणं त्याने उघडं पाडलं. शेजारची तार मी नीट बंद करत नव्हतो. बोट उचलताना तार किंचित वाजायची, ती गिटारच्या आवाजात कधी ऐकू आली नव्हती. बासरीत ती एका आगंतुक सुरासारखी यायची. कॉर्ड घेतल्या तर सहा तारांचे सूर एकमेकांत मिसळलेले, त्यांतून मधला एखादा सूर निसटायचा, कधी वरचा सप्तक भलताच उमटायचा. एका आवाजात मिसळलेले सहा सूर पुन्हा सोडवणं हे काम मुळात अवघड आहे, आणि सॉफ्टवेअर ते जेवढं करतं तेवढं पाहून मला आदरच वाटला. ज्यांना मिडी गिटारचा नाद लागलाय त्यांनी पहिले दोन महिने हेच करावं, असं मी मनापासून सांगेन. त्याने खर्च वाचतो आणि हात शिस्तीत येतो.

मंचासाठी मात्र मला लॅपटॉप नको होता. गणेशोत्सवात मांडवात वाजवायचं, वीज मध्येच जाणार, धूळ, घाम, दोन गाण्यांच्या मध्ये तीस सेकंद. अशा ठिकाणी पायाखाली दाबता येणारा सिंथचा डबा हवा. आणि अशा डब्याला सहा तारांचे सहा वेगळे आवाज लागतात. त्यालाच विभाजित पिकअप किंवा हेक्साफोनिक पिकअप म्हणतात; आमच्यात कुणी सरळ "तेरा पिनवालं" म्हणतं.

तेरा पिना का, हे एका जुन्या वादकाने मला चहाच्या कपाशेजारी कागदावर काढून दाखवलं. पिन १ ते ६ म्हणजे तार १ ते ६. सातवी पिन गिटारचा नेहमीचा आवाज. आठवी सिंथच्या आवाजाचं व्हॉल्यूम. नववी रिकामी. दहा आणि अकरा दोन छोट्या बटणांसाठी. बारा आणि तेरावर धन आणि ऋण सात व्होल्ट, ज्यावर पिकअपमधलं सर्किट चालतं. तो कागद मी पाकिटात ठेवला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

या सगळ्याला मोठा इतिहास आहे आणि तो वाचण्यात मी रमलो. रोलँडचा पहिला गिटार सिंथ, जीआर-५००, १९७७ सालचा, म्हणजे मिडीच्याही सहा वर्षं आधीचा. त्यानंतर १९८० च्या आसपासचा जीआर-३००, ज्याचा आवाज जॅझ गिटारवादक पॅट मेथेनींनी जगाला ओळखीचा करून दिला. जीआर-३०० मध्ये मिडी नाहीच. तिथे तारेचा कंपच सिंथला ओढत नेतो, सुराचं आकड्यात भाषांतर होत नाही. म्हणून तो हाताला इतका चिकटून वाजतो. आजही बाजारात हे दोन प्रकार शेजारी-शेजारी राहतात. एकात तारेचा आवाज सरळ घडवून बदलला जातो, दुसऱ्यात सूर ओळखून सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित सूर, वाजवलं जातं. पहिल्यात उशीर नाही, पण बासरी अस्सल निघत नाही. दुसऱ्यात बासरी निघते, उशीर येतो. डबा निवडताना विक्रेते हा भेद सांगत नाहीत, पण माझ्या मते तोच आधी विचारायला हवा.

आणि गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन. सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या गटात वाजवताना त्यांच्या गिटारची पाटी फ्रेटांच्या (पडद्यांच्या) मध्ये खोलगट कोरलेली होती, की तार खोल दाबून, ओढून मींड घेता यावी. खाली तरफांसारख्या आडव्या तारा होत्या. पुढे ते स्वतः गिटार सिंथकडे वळले. झाकीरभाईंच्या तबल्याशेजारी बसून ज्याला सुराची वळणं घ्यायची आहेत, त्याने हे यंत्र हातात घेतलं, याचा मला फार आधार वाटला. मींड यातून निघते, एवढं मला त्यावरून पटलं. आता ती माझ्या हातून कशी निघेल, हा प्रश्न होता.

पिकअपचे प्रकार मी तीन धरले. पहिला चुंबकीय: रोलँडच्या जीके-३ सारखी बारीक पट्टी, ब्रिज आणि शेवटच्या पिकअपच्या मध्ये बसणारी, सहा छोटी पिकअप एका ओळीत. दुसरा पिएझो: ब्रिजवरच्या ज्या सॅडलवर तार टेकते त्या सॅडलच्या आतच स्फटिक. ग्राफ टेकची घोस्ट सॅडल त्यातली, आणि गोडिन कंपनीच्या बऱ्याच गिटारींत आरएमसीची सॅडल कारखान्यातूनच येतात. तिसरा प्रकार पिकअप आणि रूपांतर एकाच ठिकाणी करणारा, जसं फिशमनचं ट्रिपलप्ले, जे थेट संगणकाला किंवा टॅबलेटला मिडी पाठवतं. अलीकडे बॉसने तेरा पिनांऐवजी एका डिजिटल वायरीवर चालणारी जीके-५ ची नवी पिढीही आणली आहे. जुनी पिकअप तिला जोडायला मध्ये रूपांतरक लागतो, त्यामुळे डबा आणि पिकअप वेगवेगळ्या पिढीचे घेताना जपावं.

दादरला एका मित्राच्या स्टुडिओत तिन्ही प्रकार एका दिवशी हाताळायला मिळाले. मी मडगावच्या एका मित्रालाही बोलावलं होतं. तो नायलॉनच्या तारांवर मांडो, म्हणजे गोव्याची कोंकणी गाणी, वाजवतो. तो दारातच म्हणाला, "माझ्या गिटारवर यातलं एकच चालेल, बघ." बरोबर होतं त्याचं. चुंबकाला पोलाद लागतं. नायलॉनची तार चुंबकीय पिकअपला दिसतच नाही. त्याच्यासाठी पिएझोला पर्याय नव्हता आणि तो निश्चिंत बसून चहा प्यायला.

माझी परीक्षा मी कागदावर लिहून नेली होती, आणि तिन्हींवर तीच घेतली. भूपाचा आरोह-अवरोह विलंबित. मग गंधारावरून पंचमावर मींड, आधी तार ओढून, मग बोट घसरवून. दरबारीतल्या कोमल गंधाराचं आंदोलन, अगदी संथ. मग सहाही तारा एकदम. मग जाड तारेवर चार सूर चटचट. शेवटी एक गोष्ट, जी मला त्या जुन्या वादकाने सांगितली होती: दोन्ही हात तारांवर नुसते ठेवायचे, काही वाजवायचं नाही, आणि डबा गप्प राहतो का ते ऐकायचं.

या शेवटच्या परीक्षेत मला सगळ्यात जास्त कळलं. मी उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून वाजवतो. पिएझो सॅडल हा स्पर्शच ऐकतात; तळहात हलला, अंगठी लाकडाला लागली, की सॅडलपर्यंत तो ठोका पोहोचतो आणि यंत्र त्याला सूर समजू पाहतं. संवेदनशीलता कमी केली की ते आटोक्यात येतं, पण मग माझे हळुवार सूर हरवायला लागले. मडगावच्या मित्राचा हात हवेत असतो, शास्त्रीय गिटारच्या पद्धतीने; त्याच्या हातात तीच गिटार इतकी निर्मळ बोलली की मी गप्प बसून ऐकत राहिलो. आंदोलनाचा तो बारीक हेलकावा पिएझोवर सगळ्यात स्वच्छ आला. माझ्या हाताला मात्र चुंबकीय पट्टी मानवली. लाकडावरचा ठोका ती जवळजवळ ऐकतच नाही. तिचा दोष वेगळा: शेजारच्या तारेचा थोडा आवाज तिच्यात झिरपतो, जोरात छेडलं की जास्तच.

बोट घसरवून घेतलेल्या मींडेबद्दल एक सांगायला हवं. फ्रेटवरून बोट घसरतं तेव्हा तार प्रत्येक फ्रेटवर क्षणभर नव्याने उभी राहते. यंत्र कधी त्याला एक सलग वळण समजतं, कधी दर फ्रेटला नवा सूर छेडतं. दुसऱ्या वेळी बासरीवाल्याने प्रत्येक सुरावर नवी फुंकर मारावी तसं होतं, आणि मींड तुटते. तार आडवी ओढून घेतलेल्या मींडेत हा धोका फार कमी. त्याच दिवशी मी ठरवलं की बासरीचे पीसेस ओढीवर बसवायचे. गंधार ते पंचम म्हणजे तीन श्रुतिअंतरं नव्हेत, सरळ तीन अर्धसूर. बारीक तारांवर तेवढं ओढता येतं, पण बोटांना रियाझ लागतो.

पट्टी ब्रिजच्या इतकी जवळ का बसवतात, तेही मला ओढताना कळलं. तार मधल्या भागात बोटभर सरकते, पण ब्रिजपाशी जवळजवळ हलत नाही. म्हणून ओढलेली तारही स्वतःच्याच छोट्या पिकअपवर राहते, शेजारच्याच्या हद्दीत शिरत नाही.

निर्णय झाला: चुंबकीय पट्टी, तेरा पिनांचा पायाखालचा डबा, जुना पण चांगल्या स्थितीतला. मी रोलँडचा जीआर-५५ घेतला. २०११ सालचं हे यंत्र आता नवं मिळत नाही, पण त्यात सॅम्पलवाले दोन आवाज आणि तारेचाच आवाज घडवणारं मॉडेलिंग एकत्र वाजतं, आणि बाहेर मिडीही निघतं. डबा ठाण्याच्या एका वादकाकडून मिळाला, व्यवस्थित. पिकअप दुसरीकडून मागवलं, वापरलेलं, आणि तिथे मला फटका बसला.

लावून बघितलं तर डी तार मुकी. बाकी पाच तारा बोलत होत्या. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे चालत होतं." परत घ्यायला नकार. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढे महिने जमवलेले पैसे. सकाळी पाकिटातला तो कागद आठवला. डी म्हणजे चौथी तार, चौथी तार म्हणजे चौथी पिन. वायर बदलून पाहिली, तरी मुकी. म्हणजे दोष वायरीत नाही, पिकअपच्या पेटीत.

पेटी घेऊन मी तापकीर गल्लीत गेलो. तिथे एका जिन्याखाली बसणारे एक काका आहेत, रेडिओपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडतात. मी म्हटलं, "काका, या तेरा पिनांतली चौथी तेवढी बघा, आत कुठंतरी तुटलंय."

त्यांनी भिंग लावलं. "चौथी कुठून मोजायची? आकडे सरळ ओळीत नसतात हो यात."

ते खरं होतं. सॉकेटवरचे बारीक आकडे वाचून आम्ही दोघांनी मिळून ती शोधली. सॉकेट जिथे सर्किटच्या पाटीला सोल्डर केलेलं असतं तिथे एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर गेली होती. वायर वर्षानुवर्षं ओढली गेली की तिथेच ताण येतो. काकांनी जुनं सोल्डर खेचून काढलं, नवं दिलं, आणि बाकीच्या बारा पायांनाही हात फिरवला. "वायरीला पट्ट्यात अडकवत जा. सगळा भार या टीचभर पत्र्यावर देऊ नका," म्हणाले. घरी येऊन जोडलं आणि डी तार बोलली. तेव्हापासून वायर मी आधी गिटारच्या पट्ट्यातून ओवून घेतो आणि मगच खोचतो.

आता बसवणं. इथे घाई करणाऱ्याचं सगळं वाया जातं. आधी पुठ्ठ्याची पट्टी पिकअपच्या मापाची कापली आणि तारांखाली सरकवून पाहिली. माझी गिटार फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची असल्याने जागा पुरली. ब्रिजला लागून हंबकर जातीचं जाड पिकअप असलेल्या, किंवा ब्रिजची कड वर आलेल्या गिटारींवर हाच प्रश्न अवघड होतो, आणि तो पैसे देण्याआधीच पुठ्ठ्याने सुटतो. मग उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ठेवायची आणि तार आणि पिकअप यांच्यात साधारण एक मिलिमीटर जागा राहील असं बघायचं. हे प्रत्येक तारेला वेगळं तपासायचं, कारण पाटीचा गोलवा आणि पिकअपचा गोलवा दरवेळी जुळत नाही. मी जाड तारेच्या बाजूला खाली एक पातळ पट्टी वाढवली. पहिले पंधरा दिवस स्क्रू न मारता दुहेरी चिकटपट्टीवरच ठेवलं. त्या काळात ते तीनदा हलवलं, तेव्हा लाकडाला भोकं पाडली नाहीत याचं समाधान वाटलं.

ट्रेमोलोच्या (दांडीने ब्रिज हलवणाऱ्या यंत्रणेच्या) मागच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवून ब्रिज स्थिर केला. तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की बाकीच्या तारा उतरतात. षड्जाची तार खाली धरून वर मींड घ्यायची असेल तर तो षड्जच ढासळतो. ताईंच्या कानाला ते एका क्षणात कळलं असतं.

डब्यात पिकअपचा प्रकार, तारेची लांबी, प्रत्येक तारेचं ब्रिजपासूनचं अंतर आणि प्रत्येक तारेची संवेदनशीलता भरावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण एक संध्याकाळ द्यावी. संवेदनशीलता लावताना मी आधी चूक करत होतो, तार जमेल तेवढी जोरात छेडून. मग कार्यक्रमात वाजवतो तशी सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरात, अशी दोन्ही टोकं वाजवून लावली, आणि फरक दुसऱ्याच तालमीत ऐकू आला.

मींडेचा हिशेब मात्र घरी संगणकावर सुटला, जिथे डब्यातून निघणाऱ्या मिडीवर मी चांगली बासरी वाजवून पाहत होतो. दर तारेला स्वतंत्र चॅनेल हवा. सहाही तारा एका चॅनेलवर पाठवल्या तर एक तार ओढली की सगळे सूर वाकतात, कारण वाकवण्याचा निरोप संपूर्ण चॅनेलला लागू होतो. हे केलं तरी माझी बासरी बेसूर यायची. सूर छेडला की बरोबर, ओढला की जवळजवळ जागचा हलतच नसे. तीन दिवस मी हाताला दोष देत राहिलो. शेवटी लक्षात आलं, निरोप पाठवणारा डबा २४ अर्धसुरांचा आवाका धरून पाठवत होता आणि ऐकणारी संगणकातली बासरी २ चा आवाका धरून ऐकत होती. मी दोन अर्धसूर ओढायचो आणि बासरी एका अर्धसुराचा सहावा भाग हलायची. दोन्हीकडे २४ लिहिलं, आणि मींड आली. मला एक शंका होती की आकड्यांत तोडलेली मींड पायऱ्या-पायऱ्यांची वाटेल. पण मिडीत वाकवण्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात. खाली-वर मिळून ४८ अर्धसुरांत त्या वाटल्या तरी एका अर्धसुरात साडेतीनशेच्या जवळपास येतात. कोमल गंधाराला हेलकावा द्यायला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

त्यानंतर एक गोष्ट सापडली, ती मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वाटते. मींड हवी म्हणून मी सगळ्याच आवाजांना वळण चालू ठेवलं होतं. पेटी वाजवली तेव्हा काहीतरी खोटं वाटत होतं. तबलजी म्हणाला, "पेटी कधी मींड घेते का रे?" पेटीला मींड नाही, संतूरलाही बासरीसारखी सलग मींड नाही. डब्यात एक पर्याय असतो, ज्यात ओढलेला सूर सलग न वाकता अर्धसुराच्या पायरीने बदलतो. पेटी आणि संतूरला तो चालू केला, बासरी आणि व्हायोलिनला बंद ठेवला. त्याच दिवशी नाट्यगीताच्या मुखड्यामागची पेटी पेटीसारखी वाजली. गिटार हातात असली तरी वाद्याचा स्वभाव त्या आवाजाचा घ्यावा लागतो. बासरी वाजवताना मी आता श्वासाच्या जागा सोडतो, आणि एका दमात बसणार नाही एवढा लांब सूर धरतच नाही.

जाड तारांच्या उशिरावर दोन तोडगे उपयोगी पडले. एक म्हणजे खर्जातला पीस वरच्या तारांवर वाजवायचा आणि आवाज डब्यातून एक सप्तक खाली उतरवायचा. व्हायोलिनच्या समूहाचा भरणा मी असाच देतो. दुसरा आपोआप मिळाला: ताईंची पट्टी काळी पाच, त्यामुळे मी बऱ्याच गाण्यांत कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावतो. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की जाड तार ८२ ऐवजी ९८ वेळा कंप पावते, आणि दोन कंपनांना २४ ऐवजी वीसच मिलिसेकंद लागतात. कागदावर चारच मिलिसेकंदांचा फरक, पण बोटाला तो कळतो. शिवाय तारा दर दोन आठवड्यांनी बदलतो. जुनी, मळलेली तार कानाला गोड लागली तरी तिचा कंप वेडावाकडा होतो आणि यंत्र अडखळतं.

पहिला कार्यक्रम भर पावसात झाला. पहिल्या दोन गाण्यांत मी गिटारचा मूळ आवाज थोडासा खाली मिसळून ठेवला होता, भीतीपोटी. म्हणजे एखादा सूर निसटला तरी पोकळी पडू नये. तिसऱ्या गाण्यात अंतऱ्याआधी बासरीचा चार ओळींचा पीस होता. त्यात पंचमावरून धैवताला स्पर्श करून गंधारावर यायचं. मी गिटारचा आवाज पूर्ण बंद केला आणि ओढ घेतली. ताईंनी मान न वळवता हात किंचित वर केला, आमच्यात "हं, राहू दे असंच" म्हणायला त्या तसा करतात. दुसऱ्या भागात एका द्रुत तानेच्या पाठलागात मात्र दोन सूर गळाले. ते मला ऐकू आले, तबलजीलाही आले. त्या जागा आता मी गिटारच्याच आवाजात घेतो. इतक्या वेगात सूर ओळखायला यंत्राला सवड मिळत नाही, आणि गाण्याचं काम तिथे गिटारनेही होतं.

मडगावच्या मित्राने मधल्या काळात नायलॉनच्या गिटारला पिएझो सॅडल बसवून घेतली. गेल्या आठवड्यात त्याने एक ध्वनिमुद्रण पाठवलं: मांडोच्या चालीवर दोन व्हायोलिनं, दोन्ही त्याच्या दहा बोटांची. ते ऐकून मी माझी दुसरी गिटार कपाटातून काढली आहे. तिलाही नायलॉनच्या तारा आहेत. आधी महिनाभर तळहात हवेत ठेवून वाजवायचा रियाझ करायचा, मग सुताराकडे भोक पाडायला न्यायची, असं ठरवलंय. पुठ्ठ्याचं माप आजच कापून ठेवलं.